टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड: जोडणी आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

नेट तुटलं की बहुतेक घरांत पहिला हात जातो मोडेमच्या मागच्या बारीक भोकाकडे. टाचणी खुपसली जाते, मोडेम कोरा होतो आणि मग लॉगिनचा पासवर्ड शोधण्यात संध्याकाळ जाते. मूळ दुखणं असतं खिडकीच्या चौकटीपाशी, बाहेरून आलेल्या तारेच्या जोडावर चढलेल्या हिरव्या काटात. त्याला कुणी हातच लावलेला नसतो.

तांब्याच्या तारेवरच्या नेटचं काम ठरावीक क्रमानेच करावं लागतं. आधी तार, मग फोनचा आवाज, मग मोडेमचं एक्स्चेंजशी जुळणं, मग लॉगिन आणि सगळ्यात शेवटी वाय-फाय. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची हातात घ्यायची नाही. लोक नेमके शेवटून सुरुवात करतात, म्हणून हा लेख.

तुमच्या इमारतीत फायबर आलं असेल तर सरळ फायबर घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. ज्यांच्या घरात, दुकानात किंवा पतसंस्थेच्या शाखेत अजून बीएसएनएल किंवा एमटीएनएलची तांब्याच्या दोन तारांची जोडी आहे आणि तिच्यावरच काम भागवायचं आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

## एकाच जोडीवर बोलणंही आणि नेटही: हे चालतं कसं

हा भाग गाळू नका. पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण इथे आहे.

बोलण्यासाठी फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वापरतो. तांब्याच्या तारेतून त्याच्या कितीतरी वरच्या कंपनसंख्याही जाऊ शकतात, आणि एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट देण्याची पद्धत, तो वरचा रिकामा भाग कामाला लावतं. साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झचा पट्टा तुमच्याकडून एक्स्चेंजकडे जाणाऱ्या माहितीसाठी, तर १३८ ते ११०४ किलोहर्ट्झचा तिकडून येणाऱ्या माहितीसाठी. एडीएसएल२ प्लस या तिच्या पुढच्या आवृत्तीत ही वरची हद्द २२०८ किलोहर्ट्झपर्यंत जाते. येणारा पट्टा रुंद आणि जाणारा अरुंद असल्यामुळे डाउनलोड जास्त आणि अपलोड कमी मिळतं. ही रचनाच तशी आहे. "अपलोड एवढंच का?" म्हणून तक्रार नोंदवण्यात अर्थ नाही.

हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या खणांत विभागलेला असतो. एडीएसएलला असे २५६ खण, एडीएसएल२ प्लसला ५१२. मोडेम सुरू झाला की एक्स्चेंजमधल्या डीस्लॅम नावाच्या यंत्राबरोबर एकेक खण तपासतो: इथे सिग्नल किती पोचतो, गोंगाट किती आहे. सेकंदाला ४००० वेळा माहितीचे गठ्ठे जातात. स्वच्छ खणात दर गठ्ठ्याला जास्तीत जास्त १५ बिट भरले जातात, गोंगाटाच्या खणात दोन-तीन, आणि अगदीच वाया गेलेला खण सोडून दिला जातो. सगळ्या खणांची बेरीज म्हणजे तुमच्या लाइनचा वेग. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत असतो तेव्हा ही वाटाघाट चाललेली असते.

यातून पहिली गोष्ट कळते ती अंतराची. वरच्या कंपनसंख्या तारेत लवकर विरतात. एक्स्चेंजच्या किलोमीटरभरात चांगल्या तारेवर २४ मेगाबिटच्या आसपास जाता येतं. तीन किलोमीटरच्या पुढे एडीएसएल२ प्लसचा वरचा भाग जवळजवळ निरुपयोगी होतो, आणि पाचच्या पुढे जे मिळेल ते आपलं. अंतर मोजायचं ते केबल जिथून फिरत येते त्या वाटेने. खिडकीतून एक्स्चेंजचा मनोरा दिसतो म्हणून तुम्ही जवळ आहात असं होत नाही.

दुसरी गोष्ट गोंगाटाची. मध्यम लहरींचा रेडिओ ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे आपल्या खणांच्या ऐन मध्यात. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची लहर १८४व्या खणाच्या आसपास येते. पीळ न दिलेली लांबलचक चपटी वायर घरभर फिरवली की ती अँटेना बनते आणि असे खण एकामागून एक वाया जातात.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वादाची: "फोन तर स्वच्छ चालतोय, मग लाइन खराब कशी?" सैल किंवा गंजलेल्या जोडातून आवाजाच्या खालच्या कंपनसंख्या निभावून जातात, वरच्या अडकतात. उलटंही घडतं. जोडीतली एक तार पूर्ण तुटली की फोन मुका होतो, पण नेट कधीकधी रडतखडत चालू राहतं, कारण उच्च कंपनसंख्या तुटलेल्या फटीच्या पलीकडेही थोड्या झिरपतात. फोन बंद आणि नेट कूर्मगतीने चालू, असं दिसलं तर मोडेमला हात लावू नका. एक तार तुटलेली आहे.

व्हीडीएसएल२ ही आणखी वेगवान पद्धत. तेही याच तत्त्वावर चालतं, पण नेहमीच्या जोडणीत साडेसतरा मेगाहर्ट्झपर्यंत चढतं. म्हणून ते काहीशे मीटरच्या आतच खरं कामाचं, आणि त्याला घरातली तार याहून चोख लागते.

## पायरी १: तयारी

काम सुरू करण्याआधी हे हाताशी ठेवा:

- साधा वायरचा फोन, घरातल्या विजेवर न चालणारा. कॉर्डलेस नको.
- एक स्प्लिटर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणारी डबी. त्याच लाइनवर आणखी (पॅरलल) फोन असतील तर प्रत्येकासाठी एक मायक्रोफिल्टर, म्हणजे एका फोनपुरती तशीच छोटी चाळणी.
- फोनच्या, म्हणजे आरजे ११ पिनेच्या, एक-दोन मीटरच्या दोन नव्या केबल.
- एक इथरनेट केबल आणि ती लागेल असा लॅपटॉप.
- स्क्रूड्रायव्हर, पक्कड, जेली भरलेले टेलिफोनचे कनेक्टर.

मोडेम घेताना लोक हमखास फसतात. बाजारात "वाय-फाय राउटर" म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांना फोनच्या तारेचं तोंडच नसतं. त्यांच्यावर "वॅन" लिहिलेलं जे तोंड असतं ते इथरनेटचं. फोनची पीन त्यात शिरते, पण काही होत नाही. फोनचं तोंड अरुंद असतं आणि त्यावर "डीएसएल" किंवा "लाइन" लिहिलेलं असतं. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

परदेशातून आणलेल्या मोडेमचं वेगळंच. जर्मनीत एडीएसएल "अनेक्स बी" पद्धतीने दिलं गेलं, आपल्याकडे "अनेक्स ए" चालतं. दोन्हींत वर जाणाऱ्या माहितीचा पट्टाच निराळा आहे. भाच्याने फ्रँकफर्टहून प्रेमाने आणलेला महागडा मोडेम अनेक्स ए चालवत नसेल तर तो इथे कितीही वेळ लुकलुकत राहील.

कागदावर काय हवं? लॉगिनचं नाव आणि पासवर्ड, प्लॅनचा वेग, एफयूपीची (पूर्ण वेगाने वापरता येणाऱ्या डेटाची) मर्यादा आणि ती संपल्यावर मिळणारा वेग. जुना मोडेम अजून उघडत असेल तर त्याच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढे फार त्रास वाचवतं.

सावधान: फोनच्या तारेत एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, पण रिंग येते तेव्हा तिच्यात ७५ व्होल्टच्या वर एसी येऊ शकतो. जीवघेणा नसला तरी चांगला झटका बसतो. शिडीवर उभं असताना तेवढा पुरे. दोन्ही उघड्या तारा एकदम हातात धरू नका, ओल्या हातांनी तर नाहीच. आभाळ गडगडत असेल तर काम उद्यावर टाका.

## पायरी २: घरातली तार

अर्ध्याहून अधिक दुखणी या पायरीत सापडतात, असं माझं मत आहे. म्हणून इथे वेळ द्या.

बाहेरच्या डीपी बॉक्समधून (आसपासच्या घरांच्या जोड्या जिथे एकत्र येतात त्या डबीतून), खांबावरून किंवा भिंतीवरून येणारी ड्रॉप वायर घरात शिरते कुठे ते आधी शोधा. ती घरात शिरून जिथे पहिल्यांदा उघडते, तो तुमचा पहिला रोझेट, म्हणजे तारा स्क्रूने जोडायची डबी. जुन्या घरांत तो दाराच्या वर, कपाटामागे किंवा रंगाच्या तीन थरांखाली सापडतो. आता त्या रोझेटच्या पुढे जे काही जोडलेलं आहे ते सगळं काढा: पॅरलल फोन, फॅक्स, कॉलर आयडीची डबी, इंटरकॉम, ईपीएबीएक्स (ऑफिसातलं अंतर्गत फोन एक्स्चेंज), चोरघंटेचा डायलर. शेजारच्या खोलीत गेलेली वायरही रोझेटच्या स्क्रूवरून सोडवा. तिच्या टोकाला फोन नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे असं समजू नका. मोकळ्या टोकापर्यंत गेलेला सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि मुख्य सिग्नलमध्ये मिसळून काही खण बिघडवतो.

आता पहिल्या रोझेटला फक्त साधा फोन लावा. रिसीव्हर उचला, डायल टोन ऐका, मग एकच आकडा दाबा. टोन थांबतो. पुढचे काही सेकंद कान देऊन ऐका. चांगली लाइन अगदी शांत असते. खरखर, फटफट, विजेचा गुंजारव किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर पुढे जाऊ नका.

तपासणी: हीच चाचणी रोझेटकडे येणारी वायर हळूच हलवत करा. हलवल्यावर खरखर वाढली किंवा थांबली तर तो जोड सैल आहे.

रोझेट उघडा. स्क्रूखाली हिरवट किंवा काळी पूड दिसली तर वायरचं टोक कापून टाका, इन्सुलेशन सोलून ताजं लखलखीत तांबं काढा आणि पुन्हा घट्ट बसवा. स्क्रूच गंजले असतील तर रोझेट बदला. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूसाठी कसर करण्यात शहाणपण नाही. दोन तारांची अदलाबदल झाली म्हणून घाबरू नका. एडीएसएलला त्याने फरक पडत नाही. आरजे ११ पिनेच्या मधल्या दोन पट्ट्याच कामाच्या असतात, तेवढ्या रोझेटच्या दोन तारांशी जुळल्या पाहिजेत.

वाटेतले जोड हा खरा शत्रू. तारा पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आपल्याकडच्या पावसात एखाद-दुसरा मोसम काढतो. मग पट्टीच्या आत पाणी बसतं आणि तांब्याला काट चढतो. कोकणात आणि गोव्यात समुद्राची खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते. असे जोड शक्य तेवढे काढून अखंड वायर टाका. जिथे जोड टाळता येत नाही तिथे जेली भरलेला कनेक्टर वापरा: दोन्ही तारा न सोलता आत सरकवायच्या आणि पकडीने डोकं दाबायचं. आतली जेली पाणी बाहेर ठेवते.

डीपी बॉक्समधला किंवा खांबावरचा जोड खराब दिसला तर तो लाइनमनला दाखवा. स्वतः उघडू नका. शेजाऱ्यांच्या चार जोड्या त्याच डबीत असतात.

आता एक नियम, जो मोडल्यामुळे सगळ्यात जास्त वेग वाया जातो: मोडेमला रोझेटकडे न्या, रोझेटची तार मोडेमकडे ओढत नेऊ नका. संगणक आतल्या खोलीत म्हणून हॉलमधून पंधरा मीटर चपटी फोन केबल सरपटत नेली जाते. त्या केबलला पीळ नसतो, त्यामुळे वाटेतला सगळा गोंगाट ती गोळा करते. मोडेम पहिल्या रोझेटपाशी ठेवा आणि तिथून इथरनेट केबल न्या. ती शंभर मीटरपर्यंत वेग न घटवता चालते. फोनची तारच लांबवावी लागत असेल तर इथरनेट केबलमधली पीळ दिलेली एक जोडी त्यासाठी वापरा, आणि ती विजेच्या वायरबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर आणि स्वस्तातले एलईडी अडॅप्टर यांपासूनही लांब ठेवा.

## पायरी ३: स्प्लिटर

स्प्लिटरमध्ये एक चाळणी असते. खालच्या कंपनसंख्या ती फोनकडे जाऊ देते आणि वरच्या अडवते. मोडेमच्या तोंडाला बहुधा लाइन जशीच्या तशी मिळते. तीन तोंडं असतात आणि तिन्हींवर नावं लिहिलेली असतात. "लाइन"ला रोझेटहून आलेली केबल, "फोन"ला फोन, "मोडेम" किंवा "एडीएसएल"ला मोडेम.

एवढं सोपं असून इथे होणारे घोटाळे ठरलेले आहेत. मोडेम "फोन"च्या तोंडाला लागतो. चाळणी त्याचाच सिग्नल अडवते आणि दिवा लुकलुकत राहतो. किंवा एकापुढे एक दोन स्प्लिटर लावले जातात आणि मोडेम दुसऱ्याला जोडला जातो. पहिल्याच्या चाळणीने सिग्नल आधीच गाळलेला असतो. तिसरा घोटाळा लवकर लक्षात येत नाही. हॉलमधल्या फोनला स्प्लिटर आहे, पण बेडरूममधला पॅरलल त्याच्या आधीच तारेवर जोडलेला आहे. मग बेडरूमचा फोन उचलला की नेट तुटतं. "रिंग आली की नेट जातं" या तक्रारीचं उत्तरही बहुतेक वेळा हेच असतं.

उत्तम मांडणी अशी: पहिल्या रोझेटपाशी एकच स्प्लिटर, मोडेम तिथेच, आणि घरातले सगळे पॅरलल फोन त्याच्या "फोन" तोंडाच्या पुढे. वायरिंगमुळे हे जमत नसेल तर प्रत्येक फोनला स्वतंत्र मायक्रोफिल्टर लावा. मात्र तीन-चारांच्या पुढे मायक्रोफिल्टर लावले की फोनचा आवाज बारीक होऊ लागतो. चोरघंटेचा डायलर आणि ईपीएबीएक्सही फिल्टरच्या मागेच हवेत. तेच नेमके विसरले जातात.

तपासणी: मोडेम चालू ठेवून फोनवर बोला. कानात सतत "स्स्स" आवाज आला तर तो फोन फिल्टरविना आहे.

स्प्लिटरही मरतो, विशेषतः विजा कडाडून गेल्यावर. शंका आली तर तो पूर्ण काढा, मोडेम सरळ रोझेटला लावा आणि फोन लावूच नका. असं केल्यावर नेट सुरळीत चाललं तर स्प्लिटर बदला.

## पायरी ४: मोडेमचं जुळणं आणि आकडे वाचणं

मोडेमला वीज द्या आणि दोन-तीन मिनिटं हात बांधून बसा. डीएसएलचा दिवा आधी लुकलुकेल, मग स्थिर होईल. हा दिवा स्थिर होईपर्यंत लॉगिन, पासवर्ड, वाय-फाय कशालाही हात लावायचा नाही. त्या गोष्टींचा या दिव्याशी संबंधच नाही.

दिवा स्थिर झाला तरी काम अर्धंच झालं. लॅपटॉप इथरनेटने जोडा आणि ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो (टाइप करताना इंग्रजी आकडे). आत "स्टेटस" किंवा "डीएसएल स्टॅटिस्टिक्स" असं पान असतं. तिथले चार आकडे वहीत लिहून घ्या.

पहिला, सिंकचा वेग, येणारा आणि जाणारा. लाइनवर प्रत्यक्ष ठरलेला वेग हा. प्लॅनमध्ये काय लिहिलंय त्याच्याशी तो जुळेलच असं नाही.

दुसरा एसएनआर मार्जिन. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे यातली शिल्लक. ६ डेसिबलच्या खाली गेला की लाइन केव्हाही तुटते. ६ ते १० म्हणजे काठावर, ११ च्या पुढे निर्धास्त, २० च्या पुढे उत्तम. काही मोडेम हा आकडा दहापटीत दाखवतात, म्हणजे ८५ दिसलं तर ते ८.५ समजायचं. ते पाहून "माझी लाइन फारच भारी" असं वाटणारे बरेच असतात.

तिसरा अटेन्युएशन, म्हणजे वाटेत विरलेला सिग्नल. इथे कमी आकडा चांगला. ३० पर्यंत उत्तम, ४५ पर्यंत ठीक, ६० च्या पुढे कठीण. साध्या एडीएसएलवर साधारण १३ ते १४ डेसिबल म्हणजे एक किलोमीटर असा ढोबळ हिशेब धरता येतो. एडीएसएल२ प्लसवर आकडा थोडा चढा दिसतो.

चौथा सीआरसी चुकांचा. तो किती आहे यापेक्षा किती भराभर वाढतो ते पाहा. पान उघडा, आकडा लिहा, अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. एफईसीच्या चुका मोठ्या दिसल्या तरी सोडून द्या, त्या मोडेमने दुरुस्त केलेल्या असतात. सीआरसीच्या दुरुस्त न झालेल्या असतात.

हे आकडे एकत्र वाचायचे. अटेन्युएशन जास्त पण वर्षभर तेवढंच, तर ते अंतर आहे आणि त्यावर घरात इलाज नाही. अटेन्युएशन गेल्या महिन्यापेक्षा अचानक वाढलं तर कुठेतरी जोड खराब झाला आहे. अटेन्युएशन तेच पण मार्जिन संध्याकाळी कोसळतं, तर कुठून तरी गोंगाट येतो आहे: घरातलं एखादं उपकरण, किंवा त्याच केबलमधल्या शेजारच्या जोड्यांवरचं नेट. घरातलं उपकरण शोधणं सोपं आहे. मार्जिनचं पान उघडं ठेवा आणि इन्व्हर्टर, एलईडीचे दिवे, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर एकेक करून बंद करत जा.

तपासणी: आकडे दोनदा घ्या, एकदा घरच्या नेहमीच्या मांडणीत आणि एकदा मोडेम सरळ पहिल्या रोझेटला लावून. दुसऱ्या वेळी आकडे लक्षणीय सुधारले तर दोष तुमच्या घरात आहे. तसेच राहिले तर बाहेर.

मार्जिन कमी असेल आणि बाहेरचा दोष लगेच निघण्यासारखा नसेल, तर मोडेमच्या सेटिंगमध्ये "एडीएसएल२ प्लस"ऐवजी साधं "एडीएसएल" किंवा "जी.डीएमटी" निवडून पाहा. वेग थोडा उतरेल, पण लांबच्या लाइनवर नेट दिवसभर टिकेल. तासाला चार वेळा तुटणाऱ्या जास्त वेगापेक्षा ते बरं.

## पायरी ५: लॉगिन

डीएसएलचा दिवा स्थिर आणि इंटरनेटचा बंद किंवा लाल असेल तेव्हाच या पायरीवर या.

मोडेममध्ये पीपीपीओई (नाव-पासवर्डाने जोडणी) हा प्रकार निवडा. व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे अचूक हवेत: बीएसएनएलसाठी ० आणि ३५, एमटीएनएलसाठी ० आणि ३२. एन्कॅप्सुलेशन एलएलसी. मग लॉगिनचं नाव आणि पासवर्ड. नावामागचा "अॅट"नंतरचा भाग दिला असेल तर तोही घाला. एमटीयू, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवा. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, असं होत असेल तर आधी एमटीयूच पाहा.

लॉगिन मोडेमने करायचं की संगणकाने, हे एकदाच ठरवा. मोडेम "ब्रिज" वर असेल तर संगणकातून किंवा पुढच्या राउटरमधून डायल करावं लागतं. "पीपीपीओई" वर असेल तर मोडेमच करतो. दोन्हीकडून एकदम प्रयत्न झाला तर एकजण बाहेर फेकला जातो. संगणकातून डायल करताना ६९१ हा एरर आला तर नाव-पासवर्डात घोळ आहे. ६७८ आला तर समोरून उत्तरच येत नाही. पायरी चारवर परत जा.

वीज जाऊन आल्यावर लॉगिन नाकारलं जातं, तेव्हा जुनं सत्र पलीकडे अजून बंद झालेलं नसण्याची शक्यता असते. मोडेम बंद करून दहा मिनिटं थांबा. दर मिनिटाला चालू-बंद करत बसलात तर ते आणखी लांबतं. शेजाऱ्याचं लॉगिन आपल्या लाइनवर घालून पाहण्याचा उद्योगही करू नका. अनेक ठिकाणी खातं त्या-त्या लाइनला बांधलेलं असतं, त्यामुळे निष्कर्ष चुकीचा निघतो.

सावधान: मोडेम बंद करून चालू करणं वेगळं आणि टाचणीने रीसेट करणं वेगळं. रीसेटने लॉगिन, व्हीपीआय-व्हीसीआय, वाय-फायचं नाव सगळं पुसलं जातं. तार खराब असताना रीसेटने काहीच सुधारत नाही, उलट आता बिघाड दोन होतात.

मोडेमच्या पानाचा "अॅडमिन-अॅडमिन" पासवर्ड याच वेळी बदला आणि बाहेरून मोडेम उघडण्याची सोय बंद करा. २०१७च्या जुलैमध्ये कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेल्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला होता आणि देशात हजारो मोडेम बंद पडले होते.

## पायरी ६: वेग मोजणं आणि वाय-फाय

वेग आधी इथरनेट केबलवर मोजा, तोही घरातले बाकीचे मोबाइल वाय-फायवरून उतरवून. सिंकच्या वेगातला दहा-पंधरा टक्के भाग माहितीच्या पाकिटबंदीत जातो. एडीएसएलवर ५३ बाइटच्या प्रत्येक पाकिटात ५ बाइट पत्त्याचे असतात, बाकीची गळती वेगळी. म्हणजे ८ मेगाबिट सिंक असेल तर चाचणीत ७ च्या जवळपास दिसणं रास्त. आणि फाइल उतरवताना संगणक दाखवतो ते मेगाबाइट. ते आठने गुणायचे. ८ मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला ०.८ मेगाबाइट म्हणजे सगळं छान चाललं आहे.

सिंक ठणठणीत पण वेग ठरल्यासारखा एकाच खालच्या आकड्यावर अडकला असेल तर एफयूपी संपलेली असण्याची शक्यता फार. खात्यात पाहा. महिन्याच्या अखेरीस तारेवर शंका घेण्याआधी हे पाहिलेलं बरं.

केबलवर वेग चांगला आणि मोबाइलवर वाईट, तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनल घ्या. दुसरा राउटर जोडताना त्याचा पत्ता मोडेमच्या पत्त्याहून वेगळा करा, त्याची डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल त्याच्या "लॅन" तोंडात घाला. दोन्ही पेट्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ राहिला की कधी ही उघडते, कधी ती, आणि माणूस चक्रावून जातो.

## वळीव आणि पावसाळा

मे महिन्यात पहिला गडगडाट ऐकू आला की मोडेमची विजेची पीनही काढा आणि फोनची केबलही. लोक विजेची काढतात आणि फोनची विसरतात. तारेतून आलेला झटका मोडेमचं डीएसएल तोंड जाळतो. मग पेटी चालू होते, वाय-फाय दिसतं, फक्त डीएसएलचा दिवा कधीच लागत नाही.

पावसाआधी ड्रॉप वायर भिंतीत शिरते तिथे तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न येता झोळातून ठिबकेल. भोक सिलिकॉनने बुजवा. झाडाच्या फांदीला घासणारी वायर असेल तर फांदी छाटा. वायर ओढून घट्ट करू नका.

## तक्रार कशी नोंदवायची

दोष बाहेर आहे असं आकड्यांवरून ठरल्यावरच १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. "नेट स्लो आहे" असं सांगितलं तर मोडेम बंद-चालू करा एवढंच उत्तर मिळतं. असं सांगा: "पहिल्या रोझेटला सगळं काढून मोडेम सरळ लावला आहे. मार्जिन ४ डेसिबल, अटेन्युएशन गेल्या महिन्यात ३२ होतं, आता ४७ आहे, सीआरसी अर्ध्या तासात इतक्या वाढल्या." फोनवर खरखर असेल तर तक्रार आधी फोनची म्हणून नोंदवा. फोनची लाइन दुरुस्त झाली की नेट बहुतेक वेळा आपोआप सावरतं.

लाइनमनदादा आले की त्यांना आधी तुमचा पहिला रोझेट आणि वहीतले आकडे दाखवा. डीपी बॉक्सपाशी जोडी बदलून देता येईल का ते विचारा. केबलमध्ये मोकळी चांगली जोडी असेल तर जुन्या जोडीवर पट्ट्या गुंडाळण्यापेक्षा ते लवकर होतं. काम झाल्यावर ते दारात असतानाच मोडेम जुळू द्या आणि चारही आकडे पुन्हा घ्या. मार्जिन आणि अटेन्युएशन दोन्ही जुन्या चांगल्या आकड्यांपाशी आले असतील तरच तक्रार बंद करायला होकार द्या, आणि सीआरसीचा आकडा अर्ध्या तासाने एकदा पाहा.